अडतीस वर्षांचं कुलूप

मी माधवनगरच्या कस्तुरीबाईंचा लॅपटॉप. काळा, जाडजूड, आताच्या पोरांनी पाहिला तर हसतील असा. माझ्या चार-पाच कळांवरची अक्षरं बाईंच्या बोटांनी झिजून गेली आहेत. माझ्या पोटात गणिताचे दोनशे चौसष्ट धडे आहेत आणि त्यातला एकही मी कुणाला दाखवू शकत नाही. मला फार वेळ बोलता येणार नाही, म्हणून भरभर सांगतो. ऐकून घ्या.

मला कुठल्या कारखान्यात जोडलं ते आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती बाईंनी माझं झाकण उघडलं त्या सकाळपासून. त्या वर्षी त्या निवृत्त झाल्या होत्या. तेहतीस वर्षं मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवलं. शाळेनं शाल दिली, भाषणं झाली, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बाई मिरजेला गेल्या आणि मला घेऊन आल्या.

"आता हे आणि कशाला?" त्यांचे यजमान धन्यकुमार अण्णा म्हणाले. अण्णा आयुष्यभर सांगलीच्या पेठेत हळदीची दलाली करत आले. हळकुंड नुसतं मोडून ते हळदीची जात सांगायचे. माझ्यासारख्या वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता.

"माझं शिकवून संपलेलं नाही," बाई म्हणाल्या.

एवढंच बोलल्या आणि कामाला लागल्या.

आमचं घर यंत्रमागांच्या गल्लीत. दिवसभर खडखडाट. पहिला धडा रेकॉर्ड केला तर बाईंच्या आवाजापेक्षा मागांचाच आवाज मोठा. मग बाईंनी एक युक्ती काढली. वीज गेली की माग थांबायचे आणि अख्खी गल्ली गप्प व्हायची. तेवढ्यात बाई फळ्यासमोर उभ्या राहायच्या. मी बॅटरीवर चालायचो. दोन तासांची बॅटरी, दोन तासांचं गणित. लोक वीज गेली म्हणून बोटं मोडायचे, आम्ही दोघं तिची वाट पाहायचो.

धडे ठेवायला बाईंनी एक संकेतस्थळ उघडलं. नाव ठेवलं 'आकडेवाडी'. बीजगणित, भूमिती, आलेख, सगळं मराठीतून, कुणीही यावं, बघावं, शिकावं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्या प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. समोर इंग्रजी धडा, शेजारी शब्दकोश, मांडीवर मी. एक स्वल्पविराम चुकला की मी अडून बसायचो. बाई चष्मा पुसून परत पहिल्या ओळीपासून वाचायच्या. सहा महिन्यांनी त्यांनी एक चौकट तयार केली. मुलांनी तीत आकडा घालायचा, की समोर रेघ हलते, वाकते, उभी राहते. पहिल्यांदा ती रेघ हलली तेव्हा बाई खुर्चीतून उठल्या आणि अण्णांना हाताला धरून घेऊन आल्या. "बघा, बघा, मी हलवली ती."

अण्णा म्हणाले, "झकास." त्यांना काही कळलं नव्हतं. पण बाईंचं तोंड बघून ते बराच वेळ तिथेच उभे राहिले.

मुलं यायला लागली. जतहून, विट्याहून, खंडाळ्याहून. धड्याखाली प्रश्न लिहायची. पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीतून अंकिता नावाच्या मुलीनं लिहिलं होतं : "बाई, धरणात रोज सारखंच पाणी आलं तरी पातळी सारखी का वाढत न्हाई? मी महिनाभर आकडे लिहून ठेवलेत." बाई दोन दिवस त्या प्रश्नावर खूश होत्या. दरी खाली अरुंद असते, वर पसरट होत जाते; तेवढंच पाणी वर पसरून बसतं. बाईंनी त्यावर अख्खा धडा केला आणि सुरुवातीला त्या मुलीचं नाव घेतलं.

पुढं शेजारच्या गल्लीत चोरी झाली. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा ऋषिराज घरी आला होता, त्याला बाईंनी मला पक्कं कुलूप घालायला सांगितलं. सहा आकडी कुलूप. शिवाय आकडा विसरलाच तर म्हणून एक लांबलचक किल्ली, अठ्ठेचाळीस आकड्यांची. ती बाईंनी कागदावर लिहून टेबलावरच्या गठ्ठ्यात ठेवली. संकेतस्थळाच्या किल्ल्याही माझ्याच पोटात ठेवल्या. सगळं एकाच ठिकाणी, सुरक्षित.

या वर्षीच्या फेब्रुवारीत, एका सकाळी, बाई फळा पुसता पुसता खाली बसल्या. डस्टर हातातून सुटला. अण्णा जैन बस्तीतून दर्शन करून आले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि तोंड एका बाजूला गेलं होतं.

पंचवीस दिवसांनी त्या दवाखान्यातून घरी आल्या. उजवा हात निकामी झाला होता. आणि बोलणं गेलं होतं. सगळं गेलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. एक शब्द उरला होता. सात. पाणी हवं असलं तरी सात, नको असलं तरी सात, अण्णांना हाक मारायची तरी सात. डोळ्यांत सगळं कळत असायचं. तोंडातून सातच पडायचं. मग त्या ओठ घट्ट मिटून घ्यायच्या.

बाईंची कॉट ठेवायला जागा हवी म्हणून अण्णांनी टेबल हलवलं. वरचे कागद रद्दीत घातले. त्यात तो अठ्ठेचाळीस आकड्यांचा कागद होता. मी बघत होतो. रद्दीवाल्यानं गठ्ठा तराजूत टाकला तेव्हाही मी बघत होतो. मला तोंड नाही हो.

आकडेवाडी ज्या कंपनीकडे ठेवली होती, तिची बाईंच्या मेलवर पत्रांवर पत्रं येत होती : अमुक तारखेपर्यंत तुमचं सगळं नव्या जागी हलवा, ही सेवा बंद होत आहे. उघडणार कोण? मे महिन्यात एक दिवस आकडेवाडी बंद पडली. पुढच्या तीस दिवसांत तिथलं सगळं पुसलं गेलं. दोनशे चौसष्ट धडे आता या जगात एकाच ठिकाणी उरले, माझ्या पोटात, कुलपाआड.

अण्णांना धड्यांचं दुःख नव्हतं. त्यांना दुसरंच काहीतरी सुचलं होतं. एक दिवस त्यांनी माझं झाकण उघडलं, खुर्ची ओढली आणि हळूच म्हणाले, "तिचा आवाज हाय ह्यात."

खरंच होतं. बाईंना फोनवर आवाज पाठवायची, स्वतःचे व्हिडिओ काढायची सवय नव्हती. जे बोलायचं ते फळ्यासमोर. बाईंचा आवाज, अख्ख्या वाक्यांत बोलणारा, हसणारा, "चुकलं तर चुकू दे, परत मांड" म्हणणारा, तो फक्त माझ्याकडे होता.

अण्णांनी आधी बाईंची जन्मतारीख घातली. मग लग्नाची. स्वतःची. गाडीचा नंबर, गाळ्याचा नंबर, हायस्कुलात लागल्याची तारीख. मी प्रत्येक वेळी नाही म्हणालो. त्यांनी बाईंनाच विचारलं. "कस्तुरी, आकडा सांग गं. एक एक करून सांग."

"सात," बाई म्हणाल्या. "सात. सात."

अण्णांनी सहा वेळा सात घातले. मी नाही म्हणालो. बाईंनी मान भिंतीकडे वळवली.

तुम्ही म्हणाल, तुला तर आकडा माहीत असेल. नाही. हेच तर सांगायचंय. मला तो आकडा ठाऊक नाही. ज्वारी दळून पीठ करावं तसा तो माझ्यात दळून ठेवलेला असतो. तुम्ही नवा आकडा दिलात की मी तो दळतो आणि पीठ जुळतं का बघतो. पिठावरून दाणे परत करता येत नाहीत. अण्णांचा आकडा खऱ्याच्या अगदी जवळचा होता की कोसभर लांब होता, तेही मला कळत नाही.

फार चुका झाल्यावर मी दर वेळी दहा मिनिटं गप्प बसायला लागलो. ऋषिराज येऊन बघून गेला. "अण्णा, हे उघडायचं न्हाई. पुसून टाकलं तर नव्यासारखं चालंल. पण आतलं सगळं जाईल."

"पुसायचं नाव काढू नगंस," अण्णा म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवसापासून ते शून्यापासून सुरू झाले. शून्य शून्य शून्य, शून्य शून्य शून्य. मग शेवटी एक. मग दोन. घातलेला प्रत्येक आकडा वहीत लिहायचे, त्यापुढे फुली. दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचे. परत पुढचा. सकाळी सातला बसायचे ते सूर्यास्ताआधीच्या जेवणापर्यंत. हळदीच्या वासाची ती जाड बोटं माझ्या कळांवर इतकी सावकाश पडायची, की मला ओरडावंसं वाटायचं : अण्णा, उठा. माझ्याकडे नका बघू. ती तिकडं बसलीय.

कारण बाई हातभर अंतरावर कॉटवर बसलेल्या असायच्या. दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टरांनी अण्णांना बजावलं होतं, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं समोर बसा, एकेक शब्द म्हणा, म्हणवून घ्या, आता नाही केलं तर पुढं यायचं नाही. पंधरा दिवस अण्णा बसले. मग माझ्याकडे वळले ते वळलेच. बाई डाव्या हातानं कॉटच्या कडेवर ठकठक करायच्या. अण्णा म्हणायचे, "थांब गं, एवढा एक बघतो." बाईंचं दूध गार व्हायचं. साय धरायची. मे गेला, जून गेला, जुलै गेला. बाईंनी ठकठक करणं सोडून दिलं.

ऑगस्टमध्ये दारात एक मुलगी आणि एक उंच, मिशीवाला माणूस येऊन उभे राहिले.

"आमी पाटणकडनं आलोय," मुलगी म्हणाली. "कस्तुरीबाईंचं घर हेच न्हवं? मी अंकिता."

तिचे वडील, जोतीराम, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. अण्णांना म्हणाले, "आवं, दोन महिनं झालं, पोरगी एकसारखी म्हणतीया, आकडेवाडी बंद का झाली बघून येऊ. संकेतस्थळाखाली माधवनगर एवढंच लिवलं हुतं. हायस्कुलात इचारत इचारत आलो."

अंकिता आता कराडच्या कॉलेजात गणित घेऊन शिकत होती. तिच्या वाडीच्या शाळेत दोन वर्षं गणिताला मास्तर नव्हता. दर रविवारी ती अकरा पोरांना अंगणात बसवायची आणि आपल्या फोनवर बाईंचे धडे दाखवायची. उतरवून ठेवायला फोनात जागा नव्हती. लागेल तेव्हा उघडायचे, कायम असणार म्हणून. धरणाचा धडा लावला की पोरं ओरडायची, "ताईचं नाव आलं, ताईचं नाव आलं!" येत्या मार्चमध्ये त्यांची दहावी होती.

ती आत आली आणि बाईंना बघून दारातच थबकली. तिनं त्यांना फक्त फळ्यासमोर उभं पाहिलं होतं.

"बाई," ती म्हणाली.

"सात," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले.

अण्णांनी तिला सगळं सांगितलं. रद्दीचंही सांगितलं. ते त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "माज्या हातानं घातला बघ तो कागद. ह्याच हातानं." मग वही पुढं केली. "पण मी सोडलं न्हाई. पाच हजार चारशे झाल्यात."

अंकितानं वही चाळली. पानामागून पानं आकडे, पानामागून पानं फुल्या. तिचे ओठ हलत होते. ती मनातल्या मनात हिशेब मांडत होती, हे मला ओळखू आलं. इतकी वर्षं मी बाईंचेही ओठ तसेच हलताना पाहिले होते.

"अण्णा," ती म्हणाली, "आकडे दहा लाख हायत. तासाला सहा, दिवसाचे बारा तास, म्हंजी बाहत्तर."

"व्हय."

"सगळे संपायला अडतीस वर्षं लागतील."

अण्णा हसल्यासारखं करून म्हणाले, "म्हंजी मी एकशे नऊचा हुईन."

"मधीच सापडंल की कवातरी," जोतीराम म्हणाले. त्यांना अण्णांकडे बघवत नव्हतं.

"उद्या सापडंल, न्हाईतर अडतिसाव्या वर्षी," अंकिता म्हणाली. "नक्की काय ते सांगता येत न्हाई. पण शंभरातला एक बी भाग झाला न्हाई अजून."

अण्णांनी वही मिटली, परत उघडली, परत मिटली. त्यांना खरं तर हे आधीच माहीत असावं. पेठेत उभं आयुष्य गेलेल्या माणसाला एवढा हिशेब येत नसेल असं मला वाटत नाही. तो कुणी मोठ्यानं म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

अंकिता बाईंच्या कॉटवर बसली. तिनं बाईंचा डावा हात हातात घेतला आणि पोरांना शिकवते तसं बोटं धरून म्हणायला लागली, "एक."

बाई तिच्या ओठांकडे बघत राहिल्या.

"एक. दोन. तीन." परत पहिल्यापासून. "एक."

चौथ्या की पाचव्या खेपेला बाईंचे ओठ हलले. "ए... क."

अण्णा खुर्चीतून वळले.

"दोन," अंकिता म्हणाली.

"दोन," बाई म्हणाल्या. आवाज पातळ, फाटका, माझ्या पोटातल्या आवाजाशी काही नातं नसलेला. "तीन." आणि मग धाप लागली आणि परत सातच आलं. पण तीन शब्द आले होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

अण्णांचं बोट माझ्या कळेवर होतं आणि ते हलत नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी बसलोच न्हाई गं तुज्याजवळ," ते म्हणाले. "मी बसलोच न्हाई."

बाईंनी डावा हात लांब केला आणि मला ढकललं. अंकिताच्या दिशेनं. अण्णांनी मला धरून परत ओढलं. "नको, कस्तुरी. पोरीला नवा घिऊन दितो. हा न्हाई." बाईंनी परत ढकललं, जोर लावून, मी टेबलावरून पडता पडता राहिलो. "सात!" त्या ओरडल्या. अंकिताकडे बोट. माझ्याकडे बोट. मग फळ्याकडे बोट. आणि मग अण्णांचा सदरा मुठीत धरून त्यांना आपल्याकडे ओढलं.

याचा अर्थ त्या खोलीत सगळ्यांना कळला. मलाही कळला. बाईंना मी घरात नको होतो. मी होतो तोवर अण्णा त्यांच्याकडे बघणार नव्हते.

"बाई, ह्यात तुमचं सगळं हाय," अंकिता रडत म्हणाली. "पुसल्याबिगर मला काय करता येणार न्हाई."

बाईंनी मान हलवली. एकदा. फळ्यासमोर त्या तशीच मान हलवायच्या, बरोबर, पुढं जा.

आता मी सांगलीत ऋषिराजच्या दुकानात टेबलावर आहे. दुपारचे दोन वाजलेत. अंकिता बाकावर बसून वहीत लिहितेय. बाईंचा कुठला धडा कसा सुरू व्हायचा, कुठलं उदाहरण होतं, आठवेल तेवढं. एकोणीस धडे झाले. विसाव्याला ती पेन चावत बसली आहे. तो मला तोंडपाठ आहे. समोरासमोर आहोत आणि मी तिला एक शब्द सांगू शकत नाही.

अण्णाही आले होते. "एक शेवटचा घालू का?" त्यांनी विचारलं. ऋषिराजनं खुर्ची दिली. अण्णांनी डोळे मिटून सहा कळा दाबल्या. मी दळलं. मी इतकं मनापासून कधीच काही मागितलं नव्हतं. पीठ जुळलं नाही.

अण्णा उठले. "मी जातो," म्हणाले. "ती एकटी हाय. चारला आमचं म्हणायचं सुरू हुतंय." जाताना त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि गेले.

ऋषिराजनं बटण दाबलं की मी नवा होईन. मला बाई आठवणार नाहीत, अण्णांची बोटं आठवणार नाहीत. अंकिता माझ्यावर नवे धडे करील, चांगले करील. ती अकरा पोरं शिकतील. हे सगळं मला पटतं. पण मला पुसून जायचं नाही. कुणाला सांगू?

म्हणून तुम्हाला सांगतो. कधीतरी, कुठल्यातरी परीक्षेच्या आधी, तुम्ही आकडेवाडीवर गेला असाल. एखादा धडा फोनात उतरवून घेतला असेल आणि विसरून गेला असाल. जुना फोन कपाटात पडला असेल. शोधा. हात जोडतो, शोधा. कुठलाही धडा चालेल. माधवनगरला धन्यकुमार अण्णांचं घर कुणीही दाखवेल.

आणि पहिला धडा सापडला तर तोच आधी पाठवा. त्यात मागांचा खडखडाट आहे, गणित धड ऐकूही येत नाही. पण अगदी सुरुवातीला, फळ्याकडे वळण्याआधी, बाई दाराकडे बघून म्हणाल्या आहेत, "आवं, पंखा तेवढा बंद करा की." ते कापायचं राहून गेलं होतं.